प्रवराकाठचा धडा : उद्योग चालविणाऱ्यांसाठी जिल्ह्याच्या इतिहासातील एक प्रकरण

उद्योगधंदा कसा उभारावा, त्याचे नियोजन कसे करावे, माणसे कशी जोडावीत व राखावीत, ह्या विषयांवरील पुस्तकांना आज तोटा नाही. त्यांतील उदाहरणे बहुतकरून अमेरिकेतील मोटारींच्या किंवा जपानातील यंत्रांच्या कारखान्यांची असतात. ती वाचून ज्ञान वाढते ह्यात शंका नाही. परंतु ज्या मातीत आपणांस उद्योग मांडावयाचा आहे, तेथील पाऊसपाणी, कर्जदेणे, भाऊबंदकी आणि बाजार ह्यांचा त्या पुस्तकांना गंधही नसतो. सुदैवाने आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातच असा एक प्रयोग घडून गेला आहे की, त्यातून उभ्या राहिलेल्या साखर-सहकारावर देशोदेशींच्या अभ्यासकांनी ग्रंथ लिहिले. प्रवरा नदीच्या काठी लोणी येथे उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना, हा तो प्रयोग होय.

ह्या विषयावर स्मरणिकेत लिहिण्याचे कारण उघड आहे. आपल्या ज्ञातीतील तरुण आता केवळ नोकरीवर विसंबून राहत नाहीत. कोणी औद्योगिक वसाहतीत लहानसा कारखाना काढला आहे, कोणी वाहतुकीचा धंदा करतो, कोणी दूध संकलन केंद्र चालवितो, कोणी पतसंस्थेचा संचालक आहे. भांडवल बहुधा काका, मामा, मेहुणे आणि ज्ञातिबांधव ह्यांच्याकडून जमते. ह्यांतील कित्येक धंदे उत्तम चालले आहेत. पण काही दोन-तीन वर्षांत बंद पडतात, आणि बुडताना पैशाबरोबर सोयरसंबंधही बुडवितात. ज्या घरांचे दोन पिढ्यांचे येणे-जाणे होते, ती घरे लग्नकार्यात एकमेकांकडे पाठ करून बसतात. ही हानी पैशांत मोजता येत नाही. म्हणून नात्याच्या विश्वासावर उभे केलेले भांडवल राखावे कसे, हा प्रश्न आपल्या समाजापुढे खरा आहे. आणि त्याचे उत्तर आपल्या जिल्ह्याने एकदा दिलेले आहे.

कागद जाळणारा जिल्हा

प्रथम थोडे मागे जाऊ. सन १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि पाहता पाहता तो आपल्या जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदा ह्या भागांत पसरला. इतिहासात ह्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. ह्या उठावात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, लोकांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर अधिक होता. कर्जरोखे, खतपत्रे, गहाणखते बाहेर काढून ती जाळण्यात आली. सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला.

शेतकऱ्याला कागदाचा एवढा राग का यावा? कारण तो कागद एकालाच वाचता येत होता. अंगठा उठविणारा एक आणि आकडा लिहिणारा दुसरा, असा व्यवहार असला म्हणजे कागद हे विश्वासाचे साधन न राहता भीतीचे साधन होते. अंगठा देणाऱ्याला मुद्दल किती, व्याज किती, फेड किती झाली, ह्याचा थांग नसे. ‘आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते’ ह्या म्हणीचा प्रत्यय घरोघर येत होता. पुढे ह्याच जिल्ह्याने कागदाची भीती टाकून कागदालाच आपला रक्षक केले, ही आपल्या इतिहासातील मोठी घटना आहे. मात्र त्यासाठी जवळजवळ पाऊणशे वर्षे जावी लागली.

पाणी आले, पैसा कोठे गेला?

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत गोदावरी व प्रवरा ह्या नद्यांवरील कालव्यांनी जिल्ह्याच्या उत्तर भागाचे रूप पालटले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. जेथे बाजरी व कुळीथ ह्यांपलीकडे पीक नव्हते, तेथे ऊस डोलू लागला. परंतु पाण्याबरोबर खर्चही आला. उसाला पाणीपट्टी, खत, मजुरी आणि दीड वर्षाची वाट पाहणे लागते. ह्या सगळ्यासाठी बागायतदार अडत्याकडून उचल घेई, गुऱ्हाळ लावून गूळ करी, आणि तो गूळ त्याच अडत्याच्या दारी नेऊन टाकी. भाव ठरविणारा तो, वजन करणारा तो आणि व्याज लावणाराही तोच. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हा कित्येक बागायतदार ऊस पिकवूनही कर्जबाजारी झाले.

ह्याच काळात जिल्ह्यात खासगी साखर कारखाने उभे राहत होते. हरेगाव येथील बेलापूर कंपनीची सुरुवात पहिल्या महायुद्धानंतर लगेच झाली. १९३२ साली साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा झाल्यावर टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी असे कारखाने पुढील काही वर्षांत निघाले. ह्या कारखान्यांनी जिल्ह्याला यंत्रविद्या दाखविली, ऊस लागवडीची शिस्त दाखविली, हे मान्य केले पाहिजे. त्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन स्वतःचे मळे केले. शेतकरी मात्र आपल्याच रानात मजुरीला जाऊ लागला. कारखान्याचा भोंगा त्याला ऐकू येई, साखरेचा वास त्याला येई, पण ताळेबंद त्याच्या दृष्टीस कधी पडत नसे.

पुढे १९६१ च्या जमीनधारणेच्या कायद्याने खासगी कारखान्यांचे हे मळे सरकारकडे गेले आणि त्यांच्या व्यवस्थेसाठी १९६३ साली शेती महामंडळ स्थापन झाले. कच्चा माल दुसऱ्याच्या जमिनीवर आणि दुसऱ्याच्या नाखुशीवर उभा असेल तर कारखान्याचा पाया किती पोकळ असतो, हे त्यावरून दिसून आले. धंद्याच्या प्रमुखाने मनावर कोरून ठेवावे असे हे पहिले सूत्र आहे. माल पुरविणारा संतुष्ट नसेल, तर यंत्र कितीही उत्तम असले तरी धंदा टिकत नाही.

पतपेढीपासून कारखान्यापर्यंत

आजच्या राहाता तालुक्यातील लोणी बुद्रुक गावचे विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील ह्यांचे शालेय शिक्षण मराठी चार इयत्तांपलीकडचे नव्हते. पण व्यवहाराची जाण विलक्षण होती. त्यांनी कारखान्याने सुरुवात केली नाही. १९२३ साली त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ सालचा; म्हणजे ही कल्पना नवी नव्हती. नवी होती ती तिची शिस्त. कर्ज गरजेपुरते द्यावयाचे, ते पिकावर वसूल करावयाचे, आणि हिशेब सभासदांपुढे ठेवावयाचा, ही सवय गावाला लागणे म्हणजेच पुढच्या कारखान्याचा पाया होता. ज्या जिल्ह्याने कागद जाळले होते, त्या जिल्ह्यातील एका खेड्यात कागद चारचौघांपुढे उघडा होऊ लागला.

१९४५ सालच्या डिसेंबरात बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे दख्खनच्या कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक प्रा. धनंजयराव गाडगीळ. बागायतदारांनी आपला स्वतःचा सहकारी साखर कारखाना काढावा, हा विचार ह्या परिषदेत पुढे आला. हा विचार ऐकून टाळ्या वाजविणारे पुष्कळ असतील. तो घेऊन गावोगाव हिंडणारे मात्र विठ्ठलराव निघाले. भाग विकत घ्या म्हणून सांगावयाचे ते कोणाला? तर ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, ज्याने सहकाराच्या नावाखाली फसवणूकही पाहिली असेल, आणि ज्याला कारखाना म्हणजे शेठजींचे काम वाटते, अशा शेतकऱ्याला.

१९४८ च्या अखेरीस संस्थेची नोंदणी झाली. १९५० च्या अखेरीस पहिल्या हंगामाचे गाळप सुरू झाले. परिषदेच्या दिवसापासून पहिली मोळी गव्हाणीत पडेपर्यंत पाच वर्षे लोटली. ह्या पाच वर्षांत देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, महायुद्धोत्तर टंचाईमुळे यंत्रे मिळणे दुर्घट झाले. मुंबई राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता हे सहकारी बँकेच्या कामात आयुष्य घालविलेले गृहस्थ होते. त्यांचा आधार मिळाला. सरकारने भाग घेतले. १९४८ सालीच स्थापन झालेल्या औद्योगिक अर्थ महामंडळाकडून कर्ज उभारता आले. पण सरकार आणि महामंडळ ही दोघेही प्रथम एकच गोष्ट पाहत होती : शेतकऱ्यांनी स्वतःच्या खिशातून किती घातले आहे?

येथे एक खुलासा करावा. लोणीचा कारखाना हा देशातील अगदी पहिला सहकारी साखर कारखाना, असे आपण अभिमानाने म्हणतो. आंध्रातील एटिकोप्पाका येथे १९३३ साली एक सहकारी साखर कारखाना निघाला होता, हे सत्य आहे. परंतु ज्याच्या यशाने पुढे शेकडो संस्थांना मार्ग दाखविला, तो पहिला कारखाना लोणीचाच. आणि तेवढा मान त्याला पुरेसा आहे.

क्रम महत्त्वाचा

ह्या पाच वर्षांकडे धंद्याच्या दृष्टीने पाहिले म्हणजे एक गोष्ट लख्ख दिसते. कामांचा क्रम बरोबर होता. आधी माणसे व त्यांचा विश्वास, मग कच्च्या मालाची हमी, मग स्वतःचे भांडवल, मग बाहेरचे कर्ज, आणि सर्वांत शेवटी यंत्र. आपल्याकडे बहुधा उलटे होते. कर्ज मंजूर होताच यंत्राची मागणी नोंदविली जाते, उद्घाटनाला मोठी माणसे येतात, पेढे वाटले जातात, आणि मग माल कोठून आणावा व विकावा कोणाला, ह्याचा शोध सुरू होतो. ‘बाजारात तुरी’ म्हणतात तो हा प्रकार.

क्रमाचे महत्त्व आकड्यांनी पटावे म्हणून शाळेतील उदाहरणासारखे एक उदाहरण मांडतो. सुरुवातीचा कारखाना आजच्या मानाने लहान होता. दिवसाला ५०० टन गाळपाचा कारखाना धरू. हंगाम १५० दिवसांचा धरला, तर ऊस लागेल ७५,००० टन. एकरी उतारा ४० टन धरला, तर १,८७५ एकर उभा ऊस हवा. म्हणजे रोज साडेबारा एकर ऊस तुटून आला पाहिजे. तेराही नाही आणि बाराही नाही. बारा आला तर चरक उपाशी राहतो, आणि चरक थांबला तरी पगार व व्याज थांबत नाही. चौदा-पंधरा एकर आला तर गाड्या अड्ड्यात उभ्या राहतात, आणि तुटलेल्या उसातील साखर तासागणिक घटते. साखरेचा उतारा शेकडा ११ असेल, तर हंगामात ८,२५० टन साखर होईल. तोच १० वर आला, तर ७,५०० टन. ऊस तेवढाच, मजुरी तेवढीच, वाहतूक तेवढीच. ७५० टन साखर मात्र केवळ ढिलाईने हवेत गेली.

म्हणून अशा कारखान्याचे खरे नियोजन हंगामाच्या दीड वर्ष आधी शेतातच सुरू होते. कोणाचा आडसाली ऊस, कोणाचा पूर्वहंगामी, कोणाचा सुरू, कोणाचा खोडवा. लागणीची तारीख कोणती. पक्व होणार केव्हा. ह्या नोंदी ठेवून तोडणीचा क्रम लावावा लागतो. महाराष्ट्रातील सहकारी कारखान्यांनी तोडणी व वाहतूक सभासदावर न सोडता स्वतःकडे घेतली, ती ह्याचकरिता. आज ह्याचा ऊस, उद्या त्याचा, हा क्रम जर कोणाच्या ओळखीवर ठरू लागला, तर एका बाजूस उतारा पडतो आणि दुसऱ्या बाजूस गावात वैर पडते. वहीतील तारीख हाच तेथे न्यायाधीश असला पाहिजे.

आपला धंदा साखरेचा नसेल. तरी हे गणित प्रत्येकाने आपल्या धंद्यापुरते मांडून पाहावे. रोज किती माल निघाला तर खर्च भागतो? तेवढा माल निघण्यास कच्चा माल किती, तो कोठून व किती दिवस आधी? एक दिवस बंद राहिल्यास तोटा किती? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला कागद न पाहता सांगता येतात, तोच खरा व्यवस्थापक. ज्याला ती कागद पाहूनही सांगता येत नाहीत, त्याने नवे कर्ज काढू नये.

तोडणी करणाऱ्या माणसांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. पाथर्डी, जामखेड आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून कोयता घेऊन येणाऱ्या कुटुंबांच्या श्रमावर हा उद्योग उभा आहे. हंगामापूर्वी उचल देऊन त्यांना बांधून घेण्याची रीत पडली, आणि त्यांच्या मुलांची शाळा, निवारा, आजारपण ह्यांकडे कारखानदारीचे लक्ष फार उशिरा गेले. सभासदाचा हिशेब चोख ठेवणाऱ्यांनी मजुराचा हिशेबही तितक्याच उघडेपणे ठेवावयास हवा होता. ही उणीव झाकून इतिहास लिहिणे बरे नव्हे.

दोन खुर्च्या, दोन माणसे

कारखाना उभा करण्यासाठी गावोगाव फिरले विठ्ठलराव. परंतु संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले धनंजयराव गाडगीळ, आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष राहिले. सुमारे दहा वर्षे ही रचना टिकली. नंतर विठ्ठलराव अध्यक्ष झाले. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गाडगीळ पुढे १९६७ साली देशाच्या नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. ज्या हातांनी लोणीच्या कारखान्याची घडी बसविली, तेच हात पुढे देशाच्या नियोजनाला लागले, हे आपल्या जिल्ह्याला भूषणावह आहे.

आता विचार करा. ज्याने पायपीट केली त्याने पहिली खुर्ची दुसऱ्याला दिली. कशासाठी? गाडगीळांचा लोणीच्या शिवारात एक गुंठाही ऊस नव्हता. कोणत्याही गावकीत, भावकीत ते गुंतलेले नव्हते. त्यांच्या शब्दाला सरकारात व बँकेत वजन होते. आणि मुख्य म्हणजे, आकडा पाहून ‘नाही’ म्हणण्यास त्यांना कोणाची भीड नव्हती. उलट कोणत्या गावात कोणाचा शब्द चालतो, कोणाचे कोणाशी पटत नाही, कोणत्या शेतकऱ्याला आज पैशाची निकड आहे, हे विठ्ठलरावांना ठाऊक होते. एकाला शास्त्र कळत होते, दुसऱ्याला माणूस. दोघांनी एकमेकांचे क्षेत्र ओळखून काम केले.

आपल्या घरच्या धंद्यांत नेमके हेच होत नाही. संस्थापक हाच मालक, तोच खजिनदार, तोच खरेदी करणारा, तोच भाचा-पुतण्यांना नेमणारा. हिशेबनीस असतो, पण तो ‘हो जी’ म्हणणारा. धंद्याच्या प्रमुखाजवळ एक तरी माणूस असा हवा की, ज्याचा त्या धंद्यात स्वार्थ नाही आणि जो तोंडावर सांगू शकतो की, ‘साहेब, हा खर्च परवडणारा नाही.’ असा माणूस मिळणे हे भाग्य. आणि मिळाल्यावर त्याचे ऐकणे हा पुरुषार्थ.

ऊस गोड लागला म्हणून

कारखाना चालू झाला आणि पैसा दिसू लागला. खरी परीक्षा येथेच असते. तोट्याने बुडणारे धंदे आपणांस दिसतात. नफ्याने बुडणारे सहसा दिसत नाहीत. पहिल्या चांगल्या वर्षी मोटार येते, बंगल्याचा पाया पडतो, मुलीचे लग्न गावात कधी झाले नाही असे होते. आणि दुसऱ्या वर्षी भाव पडला की, मजुरांच्या पगारासाठी दागिने गहाण पडतात. ‘ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये’ ही म्हण ज्या मातीत ऊस पिकतो, त्या मातीनेही विसरू नये.

सहकारी कारखान्यांच्या रचनेत ह्यावर काही बंधने घातलेली होती. सभासदाचे भाग त्याच्या उसाच्या प्रमाणात. मत मात्र प्रत्येकाला एकच. उसाचे पैसे एकदम न देता हप्त्यांनी. हंगामातील पहिला हप्ता शेतकऱ्याची नड भागविण्यापुरता, आणि हिशेब पुरा झाल्यावर अंतिम भाव. त्यातूनही टनामागे काही रक्कम ठेव म्हणून संस्थेतच राखावयाची आणि तिच्यातून विस्तार करावयाचा. सहकार कायद्यानेही नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकणे बंधनकारक केले. शिवाय यंत्राची झीज म्हणून घसारा वेगळा. हे सगळे पैसे वाटून टाकले असते तर त्या वर्षी सभासद खूश झाला असता, पण पुढील काळात कारखान्याची क्षमता वाढविणे, मळीपासून मद्यार्क काढणे, चिपाडावर वीज निर्माण करणे हे उद्योग झाले नसते. प्रवरानगरला शाळा, महाविद्यालये व रुग्णालय उभे राहिले, त्याच्या मुळाशीही हीच राखून ठेवण्याची सवय होती.

लोणीचे पाहून कोपरगाव, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर अशा ठिकाणी सहकारी कारखाने उभे राहिले आणि पुढे ही चळवळ महाराष्ट्रभर पसरली. परंतु इतिहास लिहिणाऱ्याने पुढचे पानही उलटले पाहिजे. मागील काही दशकांत राज्यातील अनेक सहकारी कारखाने कर्जात रुतले, काही बंद पडले, काही लिलावात विकले गेले. कायदा तोच, ऊस तोच, यंत्र तर पूर्वीपेक्षा उत्तम. मग बिघडले काय? उसाच्या मानाने कारखाने जास्त झाले, गरजेपेक्षा नोकरभरती झाली, संचालकपद ही राजकारणाची पायरी झाली, आणि वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारणाऱ्याला खाली बसविण्याची पद्धत पडली. थोडक्यात, वही पुन्हा एकालाच वाचता येऊ लागली. १८७५ पूर्वीची स्थिती वेगळ्या पोशाखात परत आली.

ज्ञाति हे भांडवल

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. ज्ञातीच्या आधारावर उद्योग उभा राहू शकतो काय? राहू शकतो, ह्याचे उदाहरण शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात आहे. सासवडच्या माळी समाजातील बागायतदार कालव्यांच्या पाण्यामागे जात जात माळशिरस तालुक्यात पोचले, आणि १९३२ साली त्यांनी स्वतःची कंपनी स्थापून साखर कारखाना काढला. त्या गावाला माळीनगर हेच नाव पडले. ती सहकारी संस्था नव्हती, कंपनीच होती. पण भागधारक हे स्वतः ऊस पिकविणारे होते. ज्या काळी साखर कारखाना म्हणजे मुंबईच्या धनिकांचे काम समजले जाई, त्या काळी एका कष्टकरी समाजाने हे धाडस केले.

माळीनगर आणि लोणी ह्या दोन उदाहरणांवरून एक निष्कर्ष निघतो. माळीनगरला एक ज्ञाति होती, लोणीला अनेक गावे व अनेक ज्ञाती होत्या. माळीनगरला कंपनी कायदा होता, लोणीला सहकार कायदा. रचना वेगवेगळ्या असूनही दोन्ही उद्योग उभे राहिले. म्हणजे यशाचे मर्म रचनेत नसून दुसरीकडे आहे. पैसा घालणारा व माल पुरविणारा एकच होता. त्यामुळे प्रत्येकाला हिशेबात रस होता. ज्ञातीने पहिला विश्वास दिला. पण तो विश्वास दरवर्षी नवा करावा लागतो, आणि तो नवा करण्याचे साधन म्हणजे खुली वही.

नात्याचा विश्वास हा विहिरीतील झऱ्यासारखा आहे. झरा आहे म्हणून रात्रंदिवस उपसत राहिले तर तोही आटतो. ‘आपलाच माणूस आहे, कागद कशाला?’ हे वाक्य आपल्या समाजात मोठ्या प्रेमाने उच्चारले जाते. परंतु जितकी भांडणे ह्या एका वाक्याने लावली, तितकी दुष्टाव्यानेही लावली नसतील. आपला माणूस आहे म्हणूनच कागद हवा. परक्याशी बिनसले तर पैसा जातो. आपल्याशी बिनसले तर पैसा जातो आणि माणूसही जातो.

म्हणून ज्ञातिबांधवांच्या पैशावर धंदा करणाऱ्यांनी निदान पाच नियम पाळावेत, असे सुचवावेसे वाटते.

पहिला : घेतलेली रक्कम उसनवार, ठेव, की भाग, हे त्याच दिवशी लिहून द्यावे. उसने परत करावयाचे असते, भागाला नफ्याबरोबर तोटाही सोसावा लागतो. हा फरक देणाऱ्याला समजावून सांगणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे.

दुसरा : घरखर्च व धंद्याचा खर्च ह्यांच्या वह्या आणि बँकेतील खाती वेगळी ठेवावीत. प्रमुखाने स्वतःला ठरावीक पगार लावून घ्यावा व तेवढाच उचलावा.

तिसरा : नफा झाला तर प्रथम घसारा व राखीव काढावा, मग वाटप करावे. सहकारी संस्थेला कायदा जो चौथा हिस्सा राखावयास लावतो, तो खासगी धंद्यानेही आपखुशीने राखावा.

चौथा : वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीपूर्वी, पैसे देणाऱ्या सर्वांना बोलावून ताळेबंद मराठीत वाचून दाखवावा. तोटा झाला असेल तर तो आधी सांगावा. कानावर पडलेल्या तोट्याने माणूस बिथरतो. तोंडावर सांगितलेल्या तोट्याने तो बहुधा मदतीला उभा राहतो.

पाचवा : आपल्यानंतर हे काम कोण पाहील, ह्याचा विचार आपण धडधाकट असतानाच करावा. मुलगा लायक असेल तर त्याला आधी हाताखाली उमेदवारी करू द्यावी. नसेल तर लायक माणूस नेमून मुलाला भागधारक म्हणून राहू द्यावे. वारसा मालमत्तेचा असतो. कर्तबगारीचा वारसा कायद्याने मिळत नाही.

आपल्या मंडळाकडूनही एक अपेक्षा आहे. वधू-वर मेळावे, गुणगौरव समारंभ, वसतिगृहाला मदत ही कार्ये स्तुत्य आहेत. त्यांच्या जोडीस वर्षातून एक दिवस हिशेबाचा ठेवावा. समाजातील सनदी लेखापालांनी त्या दिवशी धंदा करणाऱ्या तरुणांच्या वह्या पाहून विनामूल्य सल्ला द्यावा. ज्याचा धंदा अडचणीत आहे, त्याला त्या दिवशी लाज न वाटता येता यावे, असे वातावरण वडीलधाऱ्यांनी ठेवावे. गुणवान विद्यार्थ्याचा आपण सत्कार करतो; तसा एखाद्या वर्षी ज्याने तोटा सोसून सर्वांची देणी फेडली अशा व्यापाऱ्याचाही करावा. समाजाच्या पतीत त्याने घातलेली भर पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यापेक्षा कमी नाही.

ह्या जिल्ह्यातील आपले पूर्वज कागदाला भ्याले, कारण तो त्यांना वाचता येत नव्हता. लोणीच्या शेतकऱ्यांनी तो वाचावयास शिकून त्यावर कारखाना उभा केला. आपल्या पिढीला वाचता येते, लिहिता येते, यंत्रावर क्षणात हिशेबही करता येतो. आता उरते ते एकच : तो हिशेब एकमेकांपुढे ठेवण्याचे धैर्य. ते आपल्या ज्ञातिबांधवांच्या अंगी येवो, आणि येत्या वर्षात त्यांचे उद्योग भरभराटीस जावोत, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.